म्हादईचा व्यवस्थापन आराखडा आणि धनेशाची ढोली

म्हादईचा विषय निघाला की गोव्यातील चर्चा ठरलेल्या दोन वाटांनी जाते. एक वाट कर्नाटकाशी चाललेल्या पाणीतंट्याची आणि दुसरी व्याघ्र प्रकल्पाची. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 24 जुलै 2023 रोजी व्याघ्र प्रकल्प तीन महिन्यांत अधिसूचित करण्याचा आदेश दिला. राज्य सरकारने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्या न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने 2025 च्या अखेरीस हा प्रकल्प टप्प्याटप्प्याने उभारण्याची शिफारस केली. पहिल्या टप्प्यात नेत्रावळी आणि खोतीगाव ही अभयारण्ये गाभाक्षेत्र म्हणून सुचवली गेली. लोकवस्ती अधिक असलेले म्हादई अभयारण्य बाहेर ठेवले गेले.

या शिफारशीकडे कुणी सुटका म्हणून पाहिले, तर कुणी पराभव म्हणून. मात्र तिच्यातून निघणारा एक प्रश्न दोन्ही बाजूंनी दुर्लक्षिला आहे. व्याघ्र प्रकल्पाबरोबर स्वतंत्र संवर्धन आराखडा, केंद्राचा निधी आणि राष्ट्रीय प्राधिकरणाची देखरेख येते. तो घोषित न झाल्यास 208.48 चौरस किलोमीटरचे हे जंगल अभयारण्याच्या साध्या व्यवस्थापन आराखड्याच्या भरवशावर राहते. त्यामुळे न्यायालयीन वादाचा शेवट कसाही होवो, या आराखड्यात काय लिहिले जाते आणि त्यातील किती प्रत्यक्षात उतरते, यावर सत्तरीतील जंगलाचे पुढचे दशक ठरणार आहे. वाघ ये-जा करतो. या जंगलात बारमाही राहणाऱ्या रानपक्ष्यांना तशी सोय नाही.

आराखडा आता कायद्याचा भाग

अभयारण्याचा व्यवस्थापन आराखडा साधारणपणे दहा वर्षांचा असतो. जंगलाचे विभाग, त्यांतील वनस्पती व प्राणी, गावे, वणव्याचा धोका, पर्यटन, कर्मचारी आणि वर्षागणिक करावयाची कामे यांची त्यात मांडणी असते. दीर्घकाळ हा दस्तऐवज वनखात्याच्या अंतर्गत कामकाजाचा भाग मानला जात असे. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मध्ये 2022 साली झालेल्या आणि 1 एप्रिल 2023 पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने ही स्थिती बदलली. कलम 33 नुसार मुख्य वन्यजीव रक्षकाने अभयारण्याचा कारभार मंजूर आराखड्यानुसारच चालवणे आता अपेक्षित आहे. जेथे वनहक्क कायदा लागू आहे, तेथे हा आराखडा संबंधित ग्रामसभेशी विचारविनिमय करून तयार झाला पाहिजे.

या दुरुस्तीने सत्तरीतील ग्रामसभांच्या हाती एक साधन दिले आहे. आराखडा कार्यालयाच्या कपाटात तयार होऊन कपाटातच राहणार नाही, याची खातरजमा करण्याचा अधिकार गावालाही मिळाला आहे.

ढोलीतील चार महिने

पश्चिम घाटातील रानपक्ष्यांसाठी दीर्घकालीन नियोजन का लागते, हे धनेशाकडे पाहिले की कळते. कोकण-गोव्यातील अनेक गावांत गरुड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पक्ष्याच्या चार जाती गोव्यात आढळतात: महाधनेश, मलबारी कवड्या धनेश, मलबारी राखी धनेश आणि भारतीय राखी धनेश. यांपैकी मलबारी राखी धनेश केवळ पश्चिम घाटातच सापडतो. महाधनेशाची नोंद जागतिक पातळीवर धोक्याच्या छायेतील जाती म्हणून झाली आहे.

धनेशाला स्वतः खोड कोरता येत नाही. जुन्या, उंच झाडाची फांदी मोडून किंवा गाभा कुजून तयार झालेली नैसर्गिक ढोली त्याला लागते. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास मादी अशा ढोलीत शिरते आणि विष्ठा, माती, फळांचा गर यांनी तोंड लिंपून केवळ एक अरुंद फट ठेवते. आत तिची उड्डाणपिसे गळतात. नर त्या फटीतून तिला आणि पुढे पिलाला भरवतो. महाधनेशाच्या बाबतीत ही कैद सुमारे चार महिने चालते आणि बहुधा एकच पिलू बाहेर पडते. वर्षाला वीण एकच. म्हणजे दहा वर्षांच्या एका आराखड्यात एका जोडीला संधी मिळते ती दहाच वेळा. ढोलीचे झाड पडले किंवा नर मारला गेला की त्यांतील एक वर्ष संपूर्ण वाया जाते. ढोलीजोगे दुसरे झाड तयार व्हायला तर कित्येक दशके लागतात.

अन्नाची गोष्टही अशीच आहे. वड, पिंपळ, उंबर यांच्या कुळातील रानझाडे, रानजायफळ, धूप यांच्या फळांवर धनेश जगतो आणि त्यांच्या बिया दूरवर टाकून तीच झाडे पुन्हा उगवण्यास हातभार लावतो. इमारती लाकडाच्या हिशेबात मोडलेली, पोकळ किंवा वाकडी झाडे निरुपयोगी ठरतात. पक्ष्याच्या हिशेबात नेमकी तीच सर्वांत मोलाची असतात.

वणवा आणि विणीचा हंगाम

मार्च 2023 मध्ये म्हादईच्या डोंगरांत एकामागोमाग वणवे पेटले. ते विझवण्यासाठी नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली. त्या दिवसांत चर्चा झाली ती आग कुणी लावली आणि किती क्षेत्र जळले, याची. मार्च हा धनेशाच्या विणीचा ऐन काळ असतो, याकडे फारसे लक्ष गेले नाही. उड्डाणपिसे गळालेली मादी लिंपलेल्या ढोलीतून उडून जाऊ शकत नाही. ढोलीपर्यंत ज्वाळा पोहोचल्या नाहीत, तरी भोवतालची फळझाडे होरपळली तर तिला भरवणार कशाने, हा प्रश्न उरतोच.

याच महिन्यांत काजूचा हंगाम असतो. बोंडे आणि बिया वेचता याव्यात म्हणून झाडाखालचा पाला-झुडपे साफ केली जातात आणि काही ठिकाणी ती जाळलीही जातात. सत्तरीतील अनेक कुटुंबांचे वर्षाचे रोख उत्पन्न या बागायतीवर अवलंबून आहे. केवळ बंदीचा फलक लावून हे थांबणार नाही. पालापाचोळा डिसेंबरपूर्वी गोळा करून कुजवणे, जाळरेषा वेळेत साफ करणे, ढोलीच्या झाडांभोवती पाला हटवलेला पट्टा राखणे आणि या कामाची मजुरी बागायतदाराच्याच घरात जाईल अशी व्यवस्था करणे, असा व्यवहार्य मार्ग आराखड्यात असावा लागेल.

न सुटलेले हक्क

येथे मूळ अडचण समोर येते. म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्ये 1999 मध्ये राष्ट्रपती राजवटीच्या काळात, तत्कालीन राज्यपाल जे. एफ. आर. जेकब यांच्या कारकिर्दीत घोषित झाली. जंगल वाचवण्याच्या दृष्टीने तो निर्णय धाडसी होता. परंतु हद्दीतील गावांचे जमीनहक्क निश्चित करण्याचे काम रेंगाळले. आपली बागायत आपली आहे की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याला अभयारण्याच्या प्रत्येक नियमात विस्थापनाची चाहूल लागते. जानेवारी 2020 मध्ये गोळावली येथे एक वाघीण व तिचे तीन बछडे विषबाधेने मृत झालेले सापडले, तेव्हा गाव आणि वनखाते यांच्यातील अंतर किती वाढले आहे हे साऱ्या राज्याने पाहिले. 2023 च्या आदेशात खंडपीठाने वनवासींचे हक्क बारा महिन्यांत निश्चित करण्यासही सांगितले होते, हे व्याघ्र प्रकल्पाच्या गदारोळात विसरले गेले.

हक्क निश्चित करणे आणि पक्ष्यांचा अधिवास राखणे ही परस्परविरोधी कामे नाहीत, याला सत्तरीतच पुरावा आहे. बांबर येथील निरंकाराची राय ही देवराई गावाने श्रद्धेने राखली. रानजायफळांची गोड्या पाण्यातील दुर्मिळ दलदल त्यामुळे टिकली. कोणता वृक्ष तोडायचा नाही आणि तो का, याचा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला नियम हादेखील एक दीर्घकालीन आराखडाच होय.

देशाच्या इतर भागांतही असे प्रयोग झाले आहेत. अरुणाचल प्रदेशात पक्के व्याघ्र प्रकल्पालगतच्या न्यीशी गावांतील लोक धनेशाच्या घरट्यांची राखण करतात आणि त्यासाठी शहरांतील नागरिक देणग्या देतात. केरळात वाझचालच्या जंगलात कादर आदिवासी घरट्यांवर नजर ठेवतात. शेजारच्या कर्नाटकाने 2011 मध्ये काळी नदीच्या काठी दांडेली येथे धनेशासाठी संवर्धन राखीव क्षेत्र घोषित केले. गोव्याला हे अंतर पार करण्यासाठी फार दूर पाहावे लागत नाही.

आराखड्यात काय हवे

पहिली गरज आहे ती घरट्यांच्या झाडांच्या नोंदवहीची. प्रत्येक झाडाचे स्थान, जात, ढोलीची अवस्था आणि दरवर्षीच्या विणीचा निकाल तिच्यात असावा. शिकारीच्या भीतीने नेमके स्थान गोपनीय ठेवता येईल. दुसरी गरज ऋतुमानानुसार आखलेल्या कामांची. जानेवारी ते मे हा काळ धनेशासाठी नाजूक, तर पावसाळा तिबोटी खंड्यासाठी. तो मातीच्या दरडीत बीळ करून अंडी घालतो. रस्त्याकडेची दरड कोणत्या महिन्यात खरवडावी, हेही त्यामुळे व्यवस्थापनाचेच काम ठरते.

तिसरी गरज रेषीय प्रकल्पांविषयी स्पष्ट भूमिकेची. मोलेतून जाणाऱ्या रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये रद्द केली, ती प्रदीर्घ जनआंदोलन आणि न्यायालयीन लढ्यानंतर. झाडांच्या माथ्यांची सलग छत्री कोठे तुटता कामा नये हे आराखड्यातच नोंदलेले असेल, तर प्रत्येक प्रकल्पाच्या वेळी शून्यापासून लढावे लागणार नाही. चौथी गरज शेजाऱ्यांशी मेळाची. म्हादईला लागून बेळगाव जिल्ह्यातील भीमगड अभयारण्य आहे, उत्तरेस दोडामार्गातील तिळारीचे जंगल आहे. फळांच्या शोधात हिंडणारा धनेश एका राज्याच्या नोंदवहीत पुरा मावत नाही.

वनखात्याकडे मनुष्यबळ आणि पैसा अपुरा आहे, हा आक्षेप खरा आहे. पण यांतील बहुतेक कामांना मोठी बांधकामे लागत नाहीत. जंगल ओळखणारी स्थानिक माणसे आणि दरवर्षी नियमाने मिळणारी मजुरी लागते. निरीक्षण मनोरे आणि प्रवेशद्वारे यांवरील खर्च अहवालात उठून दिसतो. ढोलीखाली चार महिने फेऱ्या मारणाऱ्या राखणदाराचे काम तसे दिसत नाही. आराखड्याचे अंदाजपत्रक वाचताना ग्रामसभांनी हीच तुलना करून पाहावी.

त्यासाठी आराखड्याचा मसुदा मराठी आणि कोंकणीत, नकाशांसह ग्रामपंचायतीत उपलब्ध झाला पाहिजे. आपली बागायत कोणत्या विभागात दाखवली आहे, वणव्याच्या कामाची मजुरी कुणाला मिळणार आणि गावाच्या हद्दीत ढोलीची किती झाडे नोंदली आहेत, एवढे तीन प्रश्न प्रत्येक ग्रामसभेने विचारले, तरी कलम 33 मधील विचारविनिमयाला अर्थ येईल. जानेवारीत मादी ढोलीत शिरण्याआधी त्यांची उत्तरे मिळाली, तर विणीचा निदान एक हंगाम तरी हाती लागेल.