सोळा खाचा आणि एक यंत्र

गेल्या महिन्यात आमच्या सुतारकाम गटाची बैठक तीन तास चालली. विषय एकच : लाकडाचे सांधे करायला विजेचं यंत्र घ्यायचं की नाही. गटात नऊ जणी. बालवाड्यांसाठी स्टुलं, बाकं, चौरंग करतात. अवजारांसाठी देणगी मिळाली आहे आणि ती मार्चअखेर खर्ची पडायला हवी. (बायकांना काय हवं ते विचारायला देणाऱ्यांना सवड नसते, मार्च मात्र वेळेवर येतो.)

सुरुवातीला माझा विरोध होता, हे कबूल करते. समाजकार्य शिकताना एस्थर बोसरप वाचलेली. शेतीत नवं अवजार आलं की ते पुरुषांच्या हाती जातं आणि बायकांकडे जुनी हातअवजारं उरतात, हे त्यांनी १९७० सालच्या पुस्तकात मांडलं. आपल्याकडे वेगळं काय आहे? खुरपं बाईचं, ट्रॅक्टर बाप्याचा. तेव्हा पटाशी-हातोडीच बरी, निदान ती कुणी काढून घेणार नाही, असं मला वाटत होतं.

मी हे बोलले, तर गटातली एक जण म्हणाली, "ताई, एक दिवस बाभळीत खाच पाडून बघा, मग बोला."

तिचं बरोबर होतं. एका स्टुलाला चार पाय, वर चार आडव्या पट्ट्या, खाली चार. आठ पट्ट्यांची सोळा टोकं, म्हणजे सोळा कुसवं आणि ती बसवायला पायांत सोळा खाचा. महिन्याला तीस स्टुलं धरली तर ४८० खाचा. दिवसभर हातोडी मारून रात्री भाकऱ्या थापायच्या. हातकामाचं कौतुक मी करत होते, मनगट तिचं दुखत होतं.

मग आम्ही चौघी शहरातल्या दुकानात गेलो. दुकानदाराने "लेडीज आहेत, हलकं मशीन घ्या" म्हणत बिस्किट जॉइनर पुढे केला. हे यंत्र दोन्ही लाकडांत अर्धगोल फट पाडतं. त्या फटीत दाबलेल्या लाकडाची चपटी चकती सरसासकट घालायची. ओलाव्याने ती फुगते आणि घट्ट बसते. फळीला फळी जोडायला, कपाटाचे खोके करायला उत्तम. पण आमच्यातल्या एकीने टेप काढला. आमची पट्टी दीड इंची, म्हणजे ३८ मिलिमीटर रुंद. वीस नंबरची चकती ५६ मिलिमीटर लांब, आणि नेहमीच्या तीन मापांतली सर्वांत लहान, शून्य नंबरची, तीसुद्धा ४७. बसणार कशी? शिवाय स्टुलावर पोरं झुलतात. तिथे सांधा खोल हवा. दुकानदार गप्प झाला. बायकांना हलकं यंत्र हवं असतं एवढंच त्याला माहीत होतं, त्या काय बनवतात हे त्याने विचारलंच नव्हतं.

आमच्या कामाचं यंत्र दुसरंच निघालं. त्यात पोकळ चौकोनी पटाशीच्या आत गिरमिट फिरतं. लांब दांडा खाली ओढला की चौकोनी भोक पडतं; अशी भोकं ओळीने पाडली की खाच तयार. दांडा लांब असल्यामुळे फार जोर लागत नाही. आणि ते टेबलाला बोल्टने बसवतात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. गटाचं ड्रिल मशीन एकीच्या नवऱ्याने "दोन दिवसांसाठी" नेलं होतं. तीन आठवड्यांनी परत आलं ते जळून. बोल्टने बसवलेलं यंत्र कुणी पिशवीत घालून नेत नाही.

तेव्हा यंत्र घ्यावं, या मताला मी आले आहे. पावती गटाच्या नावावर, अर्थिंग नीट केलेलं, पदर खोचून आणि केस बांधून प्रत्येकीने शिकायचं. इथपर्यंत एकमत झालं.

अडलं ते आक्कांपाशी. आक्का अठ्ठावन्न वर्षांच्या, एकट्या. त्यांच्या हातची खाच सर्वांत सुबक, आणि त्यांना मजुरी मिळते ती खाचेमागे. यंत्र आलं की त्यांनी काय करायचं? एक तरुण मुलगी सहज म्हणाली, "आक्का पॉलिशपेपर मारतील." आमच्याकडे सर्वांत कमी दर त्याच कामाला आहे. बोसरपबाई आमच्या नऊ जणींतच येऊन बसल्या की! इथे तर पुरुषही नव्हता.

मी सुचवलं की यंत्र पहिल्यांदा आक्कांना शिकवावं आणि मजुरी खाचेवर न देता स्टुलावर ठरवून तासांप्रमाणे वाटावी. पटपट काम करणाऱ्या दोघींना ते मान्य नाही, आणि त्यांचंही अगदीच चूक नाही. त्यांच्या घरीही खाणारी तोंडं आहेत. पण यंत्रामुळे वाचलेला वेळ सगळ्यांचा आहे, तो फक्त वेगाने हात चालवणारीचा नाही, यावर मी ठाम आहे. मैत्रिणींनो, तुमच्या गटात मसाल्याची चक्की किंवा शिलाईची मोटर आली तेव्हा मागे पडलेल्या बाईचा दर तुम्ही कसा ठरवलात, ते कळवा. आम्हाला खरंच हवं आहे.

आक्का बैठकीत एवढंच म्हणाल्या, "मला त्याच्या आवाजाचं भ्या वाटतंय. चालू करून दाखवतील का?" येत्या गुरुवारी त्यांना घेऊन पुन्हा दुकानात जातोय.