नोकरी लागली की...

गेल्या मंगळवारी दुपारी 12:40 च्या शोला थिएटरात एकूण अकरा माणसं होती. मी मोजली. मोजायला वेळ होता, कारण सध्या माझ्याकडे वेळच वेळ आहे. त्या अकरांत एक आमच्याच सोसायटीतले काका निघाले. इंटर्व्हलला पॉपकॉर्नच्या रांगेत गाठ पडली.

"काय रे, आज सुट्टी?"

"नाही काका, वर्क फ्रॉम होम."

तोंडातून गेलं खरं, आणि मग लक्षात आलं की आपण थिएटरात उभे राहून वर्क फ्रॉम होम सांगतोय! काका सज्जन माणूस. नुसते हसले आणि समोसा घेऊन गेले. उरलेला अर्धा सिनेमा मी पडद्याकडे बघत होतो, पण डोक्यात एकच: हे आता घरी आईला सांगणार.

सांगितलंच. संध्याकाळी आई म्हणाली, "सिनेमाला गेलास ते बरं केलंस. पण खोटं कशाला बोललास?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मी गेले चार दिवस शोधतोय. आजचा हा सगळा प्रपंच त्यासाठी.

आधी थोडी पार्श्वभूमी. यंदा फेब्रुवारीत मी पेपर टाकला. हातात नवीन ऑफर होती, पगार बरा होता, काम आवडीचं होतं. नोटीस पिरियड अर्थातच 90 दिवस. तो निमूटपणे भरत होतो, नॉलेज ट्रान्स्फरचे कॉल घेत होतो, डॉक्युमेंट लिहीत होतो (जी कुणी वाचणार नाही हे मलाही माहीत होतं आणि मॅनेजरलाही). 74व्या दिवशी नव्या कंपनीतून मेल आली. तीन ओळी. बिझनेसच्या गरजा बदलल्यामुळे पद गोठवण्यात आलंय, तुमच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा. जुन्या ठिकाणी जाऊन म्हटलं, राजीनामा परत घेता येईल का? तर माझ्या जागी आलेला मुलगा आधीच जॉइन झाला होता. त्यालाच तर मी नॉलेज ट्रान्स्फर देत होतो :-)

असो. तर मे महिन्यापासून अस्मादिक घरी आहेत.

आपल्या धंद्यातली नोकरी शोधणं म्हणजे काय हे इथे येणाऱ्या बहुतेकांना माहीत आहे. तरी एक गंमत सांगतो. जानेवारीत मी नोकरी करत असताना एचआरचे फोन यायचे तेव्हा पहिला प्रश्न, "नोटीस पिरियड किती?" 90 दिवस म्हटलं की, "ओह.. आम्हाला इमिडिएट जॉइनर हवाय." फोन बंद. आता मी इमिडिएट जॉइनर आहे. अगदी उद्या सकाळी नऊला येतो. तर आता प्रश्न असतो, "इमिडिएट? का बरं? काय झालं?" म्हणजे माणूस लगेच हवा, पण तो रिकामा बसलेला नको. हे म्हणजे ताक हवं पण दही घुसळायचं नाही, अशातला प्रकार.

आजपर्यंत 43 अर्ज, 9 ठिकाणांहून फोन, 4 ठिकाणी तिसऱ्या फेरीपर्यंत मजल. निकाल शून्य. लिंक्ड लिस्ट उलटी करण्याचा मला आता इतका सराव झालाय की झोपेत करीन.

पण मला खरं बोलायचंय ते ह्या आकड्यांबद्दल नाही. बोलायचंय ते त्या एका वाक्याबद्दल: "एकदा नोकरी लागली की..."

एकदा नोकरी लागली की सिनेमे बघू. एकदा नोकरी लागली की ट्रेकला जाऊ. एकदा नोकरी लागली की मित्रांना भेटू, आत्ता भेटलं की सगळे विचारतात. हे वाक्य मी मे आणि जून असे दोन महिने जगलो. सकाळी सातला लॅपटॉप उघडायचा, रात्री अकराला मिटायचा. मध्ये काय केलं? प्रामाणिकपणे सांगायचं तर दुपारी एकपर्यंत काम केलं. दोन तास प्रॉब्लेम सोडवले, तासभर सिस्टिम डिझाइन, चार अर्ज, एखादा फोन. आणि एकनंतर नुसतं इनबॉक्स रिफ्रेश. दर पाच मिनिटांनी.

ज्यांनी कॉलेजात ऑपरेटिंग सिस्टिम शिकलीये त्यांना 'बिझी वेटिंग' आठवत असेल. एखादी गोष्ट झाली का, झाली का, झाली का असं प्रोग्रॅम एका लूपमध्ये विचारत बसतो. सीपीयू 100 टक्के वापरात. पंखा गरागरा फिरतोय. आणि काम? शून्य. त्यापेक्षा शहाणा उपाय म्हणजे प्रोसेसला झोपू द्यायचं, दुसऱ्या कामाला सीपीयू द्यायचा, आणि घटना घडली की इंटरप्ट येईलच. हे आपण परीक्षेत पाच मार्कांना लिहितो आणि स्वतः मात्र दोन दोन महिने लूपमध्ये बसतो. फोन खिशात असतो ना. वाजेल की तो. थिएटरातही वाजतो, हवं तर व्हायब्रेटवर.

पण खरं कारण वेळेचं नाहीच. खरं कारण लाजेचं आहे. नोकरी नसलेल्या माणसाने दुःखी दिसलं पाहिजे असा एक अलिखित नियम आहे. तो मंगळवारी दुपारी पॉपकॉर्न खाताना दिसला तर लोक म्हणणार, ह्याला गांभीर्य नाही. आणि लोक म्हणण्याआधी आपणच म्हणतो. मी काकांशी खोटं बोललो ते ह्यामुळे.

आता जरा हिशोब मांडू. 'नोकरी लागली की करू' ह्या वाक्यात एक गृहीतक आहे: नोकरी लागल्यावर वेळ मिळेल. मिळतो का? नोकरीत होतो तेव्हा रिलीज, मग सपोर्ट, मग अप्रेझलच्या तोंडावर सुट्टी कशी मागायची. पेपर टाकला तर नोटीस पिरियडमध्ये सुट्टी घ्यायची नाही, घेतली तर तेवढे दिवस लास्ट वर्किंग डे पुढे जातो. नवीन ठिकाणी लागलो की प्रोबेशन, आणि बऱ्याच ठिकाणी प्रोबेशनमध्ये सलग चार दिवस सुट्टी मागणं म्हणजे पहिल्याच महिन्यात बॉसच्या नजरेत भरणं (चुकीच्या कारणासाठी). मग पुन्हा रिलीज. म्हणजे सगळ्या करिअरमध्ये खरोखर मोकळा असा एकच तुकडा वाट्याला येतो, दोन नोकऱ्यांच्या मधला. आणि नेमका तोच आपण तोंड लपवून काढतो.

शिवाय बाहेरचं जग आपल्यासाठी थांबत नाही. सिनेमाचंच घ्या. बाबा सांगतात की त्यांच्या काळी अप्पा बळवंत चौकात प्रभातला मराठी सिनेमा लागला की आठवडेच्या आठवडे हलायचा नाही. ह्या शनिवारी नाही जमलं तर पुढच्या. दादा कोंडक्यांच्या तर सलग नऊ सिनेमांनी रौप्यमहोत्सव केला, म्हणजे 25-25 आठवडे, त्याची नोंद गिनीज बुकात आहे. आता? सरकारने 2015 मध्ये मल्टिप्लेक्सना प्राइम टाइममध्ये मराठी सिनेमा लावायला सांगितलं, त्यावर गदारोळ झाला, आणि मग प्राइम टाइमची व्याख्याच दुपारी 12 ते रात्री 9 अशी ताणली गेली. म्हणजे मंगळवारी दुपारी पावणेएकसुद्धा प्राइम टाइम! मी बघितलेला सिनेमा पहिल्या आठवड्यात संध्याकाळी होता, दुसऱ्या आठवड्यात दुपारी आला, आणि ह्या शुक्रवारी बघितलं तर गायब. 'नोकरी लागली की' म्हणत बसलो असतो तर गेला होता. त्याआधीचे तीन असेच गेले. ओटीटीवर येतील म्हणा, पण मोबाईलवर सिनेमा बघणं आणि अकरा अनोळखी माणसांनी एकाच वेळी हसणं ह्यात फरक आहे. (दहा अनोळखी आणि एक काका.)

सिनेमाचं एक वेळ सोडून देऊ. थांबत नाहीत अशा अजून महत्त्वाच्या गोष्टी आहेत.

बाबांना हंपीला जायचंय. गेली तीन वर्षं म्हणतायत. त्यांना तिथल्या राजवाड्यांत वगैरे फारसा रस नाही. त्यांना विठ्ठल मंदिराचा गाभारा बघायचाय, जो रिकामा आहे. आपल्याकडची परंपरा सांगते की पंढरपूरचा विठोबा विजयनगरला नेला होता आणि एकनाथांचे पणजोबा संत भानुदास ह्यांनी तो परत आणला. बाबा म्हणतात, "आपला विठोबा जिथून परत आला ती जागा एकदा बघायची." त्या मंदिराच्या आवारातला दगडी रथ पन्नासच्या नव्या नोटेवर आहे. भाजी आणायला निघताना बाबा ती नोट मला दाखवतात. "बघ, तू नेत नाहीस, मी खिशात घेऊन फिरतो."

पहिल्या वर्षी मी म्हटलं, रिलीज झाली की. दुसऱ्या वर्षी, अप्रेझल झालं की. यंदा, स्विच झाला की. मधल्या काळात बाबा 64 चे झाले आणि त्यांचा उजवा गुडघा त्याहून मोठा झाला. डॉक्टर म्हणतात अजून ऑपरेशन नको, पण चढउतार कमी करा. हंपी म्हणजे सगळा दगडांचा आणि चालण्याचा मामला. पुढच्या वर्षी ते किती चालतील हे मला माहीत नाही. माझ्या पुढच्या अप्रेझलची तारीख मात्र कुठलीही कंपनी बिनचूक सांगेल.

तुम्ही म्हणाल, तुझं ठीक आहे रे, तुला बोलायला काय जातंय. बरोबर आहे. माझ्यावर घराचा हप्ता नाही, आईबाबांकडे राहतो, सहा महिने पुरतील एवढे पैसे बाजूला आहेत. ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे, घरात लहान मूल आहे, त्याला मी 'चल हंपीला' म्हणणार नाही. त्याची झोप उडाली असेल तर त्याला कारण आहे. पण त्यालाही एवढं सांगीन की दुपारी एकनंतर इनबॉक्स रिफ्रेश केल्याने हप्ता भरला जात नाही. मुलाला घेऊन बागेत जायला पैसे पडत नाहीत. आणि नोकरी शोधू नका असं मी म्हणतच नाहीये. रोज सकाळी सात ते एक मी शोधतोच. त्या सहा तासांत फोन दुसऱ्या खोलीत असतो, त्यामुळे आता उलट जास्त काम होतं. फक्त एकनंतर दुकान बंद. शनिवार-रविवार तर अजिबात नाही.

आता पुढची गंमत. रेल्वेचं आगाऊ आरक्षण पूर्वी 120 दिवस आधी उघडायचं. 1 नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आणलं. कारण साधं होतं, इतक्या आधी काढलेली बरीच तिकिटं लोक नंतर रद्दच करतात. रेल्वेसारख्या खात्याला जे कळलं ते आमच्या एचआर खात्यांना 90 दिवसांबद्दल कधी कळणार देव जाणे. माझ्या ऑफरचं तिकीट 74व्या दिवशी रद्द झालं, तेही रिफंडशिवाय.

तर काल सकाळी बरोबर आठ वाजता आरक्षण उघडल्या उघडल्या मी होसपेटची तीन तिकिटं काढली. बाबांना लोअर बर्थ मिळाला. होसपेटपासून हंपी 13 किलोमीटर, तिथे रिक्षा करणार. एकूण चार दिवस. संध्याकाळी एका रिक्रूटरचा फोन आला, नोकरी मनासारखी आहे, फेऱ्या लांबतील म्हणाली, कदाचित सप्टेंबरपर्यंत. मी तिला ते चार दिवस सांगितले आणि म्हटलं, ह्या तारखांना मी उपलब्ध नाही. तिने विचारलं, "दुसरा इंटर्व्ह्यू आहे का?"

जिभेवर 'हो' आलं होतं. तेच उत्तर शोभून दिसलं असतं. पण आईचा प्रश्न आठवला. म्हटलं, "नाही, वडिलांना घेऊन हंपीला जातोय."

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग, "ओके, नोट केलंय." बस, एवढंच. आभाळ कोसळलं नाही.

ती नोकरी मिळेल की नाही माहीत नाही. काकांना मात्र आज सकाळी लिफ्टमध्ये सांगून टाकलं की सध्या नोकरी नाही, शोधतोय. ते म्हणाले, "मला माहीत होतं रे. सिनेमा कसा वाटला ते सांग."

बाबांनी कपाटातून जुने कॅनव्हासचे बूट काढून उन्हात ठेवलेत. जायला अजून दोन महिने आहेत म्हणून सांगितलं, तर म्हणाले, "असू दे. वास जायला वेळ लागतो."