उतार फुकटात मिळत नाही

उताराची मॅरेथॉन म्हणजे गुरुत्वाकर्षणाची मेहेरबानी, तिथली वेळ मोजायचीच कशाला, असे म्हणणारा एक पक्ष पळणाऱ्यांत आहे. दुसरा पक्ष म्हणतो, उतारावर पाय आपोआप पडतात. नाव नोंदवा, पळा आणि आयुष्यातली सर्वांत चांगली वेळ घेऊन घरी या. तिसरा पक्ष आपल्या धर्माबादचा. त्याचे म्हणणे असे, की आपला मुलूख गोदाकाठच्या सपाट काळ्या रानाचा. घाट बघायचा तर जिल्ह्याचे दुसरे टोक गाठावे लागते. आपण असल्या नादी लागून गुडघे का घालवावेत?

सुटण्याच्या जागेपेक्षा काहीशे मीटर खाली जाऊन संपणाऱ्या मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉनबद्दलची ही तीन मते आहेत. तिन्हींत थोडे थोडे तथ्य आहे, म्हणूनच ती टिकून आहेत. पण तिन्हींच्या मुळाशी एकच चुकीची समजूत आहे: उतार म्हणजे श्रमातून मिळालेली सूट. माझे म्हणणे याच्या उलट आहे. उतार श्रम माफ करत नाही, तो श्रमाची जागा बदलतो. फुप्फुसावरचा भार मांडीवर जातो. एवढे ध्यानात घेतले, की या शर्यतीची निंदाही करवत नाही आणि तिच्या नावाने बढाईही मारवत नाही.

पहिला पक्ष सर्वांत भक्कम आहे, म्हणून आधी त्याचे म्हणणे पुरते ऐकू. जागतिक अॅथलेटिक्स संघटनेच्या नियमाप्रमाणे रस्त्यावरच्या विक्रमासाठी शर्यतीचा एकूण उतार दर किलोमीटरला एका मीटरपेक्षा जास्त असून चालत नाही. म्हणजे मॅरेथॉनला ४२ मीटर आणि अर्धमॅरेथॉनला २१ मीटर. शिवाय सुरुवात आणि शेवट यांच्यातले सरळ अंतर शर्यतीच्या अंतराच्या निम्म्याहून अधिक नको, नाहीतर पाठीमागून येणारा वारा सारी शर्यत ढकलत नेईल. २०११च्या एप्रिलमध्ये बोस्टनला केनियाच्या जेफ्री मुताईने २ तास ३ मिनिटे २ सेकंदांत मॅरेथॉन संपवली. तेव्हाचा विश्वविक्रम हैले गेब्रसेलासीचा, २ तास ३ मिनिटे ५९ सेकंदांचा होता. तरीही मुताईची वेळ विश्वविक्रम ठरली नाही. बोस्टनचा मार्ग एका गावातून निघून दुसरीकडे संपतो आणि सुमारे १४० मीटर उतरतो, म्हणजे परवानगीच्या तिपटीहून जास्त. त्या दिवशी वाराही पाठीशी होता.

नियम योग्यच आहे. पण या निकालाचा दुसरा अर्धा भाग हा पक्ष सांगत नाही. मुताईची वेळ विश्वविक्रमाच्या वहीत गेली नाही. त्याचे विजेतेपद मात्र कोणी काढून घेतले नाही, आणि बोस्टनला खोटी शर्यत म्हणण्याची हिंमत जगात कोणी केलेली नाही. तुलना नाकारणे आणि किंमत नाकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उदाहरण आपल्याच मराठवाड्यातले घ्या. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याच्या मांडव्याचा अविनाश साबळे. २०२०मध्ये त्याने दिल्लीच्या सपाट रस्त्यावर अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पळून राष्ट्रीय विक्रम केला. त्याचा खरा खेळ मात्र ३००० मीटर स्टीपलचेसचा, आणि त्यात त्याने २०२४मध्ये पॅरिसला ८ मिनिटे ९.९१ सेकंद अशी वेळ दिली. अडथळे आणि पाण्याचा खड्डा नसलेली ३००० मीटरची शर्यत जगातले अव्वल धावपटू साडेसात मिनिटांच्या आत संपवतात. म्हणून साबळेला कोणी संथ म्हणतो का? म्हणत नाही, कारण स्टीपलचेसची वही वेगळी आहे. अडथळ्याने वेळ वाढते म्हणून तिची वही वेगळी ठेवता येत असेल, तर उताराने वेळ कमी होते म्हणून त्याचीही वेगळी ठेवता येईल. वेगळी वही हा दंड नव्हे.

शुद्धतावाद्यांचे एक दुखणे मात्र मला पूर्ण मान्य आहे. उताराची वेळ सपाटीच्या बाजारात खपवली जाते, आणि हे थांबले पाहिजे. बोस्टनला प्रवेश मिळवायचा तर वयोगटानुसार ठरलेल्या वेळेत आधी एखादी मॅरेथॉन पळावी लागते. अमेरिकेत त्यासाठी डोंगरावरून खाली येणाऱ्या शर्यतींचे पीकच आले. तेव्हा बोस्टनच्या आयोजकांनी २०२५मध्ये जाहीर केले, की २०२७च्या शर्यतीपासून दीड हजार ते तीन हजार फुटांपर्यंत उतरणाऱ्या मार्गावरच्या वेळेत ५ मिनिटे मिळवली जातील, तीन हजार ते सहा हजार फुटांपर्यंत १० मिनिटे, आणि त्याहून अधिक उतार असेल तर ती वेळ धरलीच जाणार नाही. गंमत अशी, की स्वतःच उतरणाऱ्या शर्यतीने हा नियम केला. त्यात पाखंड नाही, हिशेब आहे. उतारावर बंदी न घालता त्याचे मोल ठरवायचे, हा न्याय्य मार्ग.

आपल्याकडे हाच हिशेब भरतीच्या पोरांनी शिकायला हवा. पोलीस भरतीला मुलांची १६०० मीटरची आणि मुलींची ८०० मीटरची धाव मैदानावर होते. सराव मात्र अनेकदा रस्त्यावर, दोन खुणांमध्ये. तो रस्ता ओढ्याकडे किंवा नदीकडे किंचित जरी उतरत असला तरी घड्याळ खूश करते, आणि भरतीच्या मैदानावर पितळ उघडे पडते. रस्ता दोन्ही दिशांनी पळून पाहिला की खरी वेळ कळते. चूक उताराची नसते, मोजणाराची असते.

आता दुसरा पक्ष: उतार सोपा, तयारी कशाला? या मताला शास्त्राचा आधार आहे असे वरवर वाटते. इटालियन शास्त्रज्ञ मिनेटी आणि सहकाऱ्यांनी २००२मध्ये दाखवले, की उतारावर पळताना दर मीटरला लागणारी ऊर्जा कमी होत जाते आणि सुमारे २० टक्के उताराला ती सपाटीच्या निम्म्यावर येते. त्यापेक्षा तीव्र उताराला मात्र ती पुन्हा वाढू लागते. पण शर्यतीचे रस्ते इतके तीव्र नसतात. १९७७पासून चालू असलेली अमेरिकेतली सेंट जॉर्ज मॅरेथॉन उताराची म्हणून प्रसिद्ध आहे. ती सुमारे २६०० फूट उतरते, म्हणजे सरासरी दोन टक्क्यांहूनही कमी. फायदा आहे, पण पोस्टरवर दिसतो तेवढा नाही.

आणि ऊर्जेचे मोजमाप स्नायूची झीज सांगत नाही. भरलेली बैलगाडी उताराला लागली की बैलांना ओढावे लागत नाही, रोखावे लागते, आणि थकवा मानेवर येतो. पळणाऱ्याच्या मांडीचे तसेच होते. सपाटीवर पुढचा स्नायू आखडून शरीर ढकलतो. उतारावर पाऊल टेकताच तोच स्नायू ताणला जात असताना भार झेलतो. ताणाखाली लांबणाऱ्या स्नायूच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. म्हणून उतरून आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरावे लागते. गॉटशॉल आणि क्रॅम यांनी २००५मध्ये मोजले, तेव्हा ९ अंशांच्या उतारावर पाऊल आदळण्याचा जोर सपाटीपेक्षा ५४ टक्क्यांनी वाढलेला आढळला. असा उतार कोणत्याही मॅरेथॉनपेक्षा तीव्र आहे हे खरे, पण दिशा स्पष्ट आहे. त्यात हजारो पावलांचा गुणाकार करा.

खरा धोका असा, की श्वास हा इशारा देत नाही. चढावर दम लागतो आणि माणूस आपोआप वेग कमी करतो. उतारावर छाती निवांत, गप्पा मारता येतात, घड्याळ लाडात आलेले. मांडीचा हिशेब तोवर गुपचूप चढत जातो. शेवटच्या टप्प्यात रस्ता सपाट झाला किंवा एखादा छोटा चढ आला, की तो एकदम वसूल होतो. बोस्टनचे पहिले किलोमीटर असेच खाली जातात आणि ३२ किलोमीटरनंतर हार्टब्रेक हिल समोर उभी राहते. तिथे फसणाऱ्यांचा दम बहुतेकदा शाबूत असतो, पाय संपलेले असतात.

याहून मोठा साक्षीदार दक्षिण आफ्रिकेतला. १९२१पासून चालणाऱ्या कॉम्रेड्स शर्यतीत जवळजवळ ९० किलोमीटर पळायचे असतात. बहुतेक वेळा दिशा आलटून पालटून असते. एका वर्षी दरबानहून पीटरमारित्झबर्गला चढ, पुढच्या वर्षी तिथून समुद्राकडे उतार. उतरताना फील्ड्स हिलचा लांब उतार उत्तरार्धात, पाय आधीच थकलेले असताना येतो. २०२३मध्ये टेटे दिजानाने उतरत्या शर्यतीचा विक्रम केला, ५ तास १३ मिनिटे ५८ सेकंद. चढत्या शर्यतीत लिओनिद श्वेत्सोवने २००८मध्ये ५ तास २४ मिनिटे ४९ सेकंद अशी वेळ दिली होती. दोन्ही मार्गांची लांबी तंतोतंत सारखी नसते, हे धरूनही पाच तासांच्या पळण्यात फरक केवळ अकरा मिनिटांचा. उतार फुकट असता तर तो एवढाच राहिला नसता. पुण्या-मुंबईहून कॉम्रेड्सला जाऊन आलेल्यांना विचारा. उताराच्या वर्षी पाय अधिक दुखले असे सांगणारे पुष्कळ भेटतील.

तिसरा पक्ष घरचा. आपण सपाट मुलखातले, आपल्याला हे जमायचे नाही! याला पहिले उत्तर परभणीने दिले आहे. परभणीही गोदाखोऱ्यातलीच, सपाट काळ्या मातीची. तिथल्या ज्योती गवते यांनी २०१७च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक पटकावला, आणि त्या मार्गात पेडर रोडचा चढ-उतार आहे. माणूस कुठे राहतो यापेक्षा तो कशाचा सराव करतो, हे महत्त्वाचे.

दुसरे उत्तर शरीरशास्त्राचे, आणि ते सपाटीवाल्यांच्या बाजूचे आहे. एकदा माफक उतार पळून मांडी दुखली, की स्नायू पुढच्या वेळेसाठी तयार होतो. तोच उतार काही आठवड्यांनी पुन्हा केला तर दुखणे बरेच कमी भरते. हा बचाव अनेक आठवडे टिकतो. म्हणजे रोज घाटात राहण्याची गरज नाही, मोजके डोस पुरतात. शर्यतीआधीच्या तीन महिन्यांत दोन-तीन आठवड्यांतून एकदा खरा उतार मिळाला तरी पाया बसतो. तो आपल्याच नांदेड जिल्ह्यात माहूरच्या डोंगरात आहे, बालाघाटाच्या घाटांत आहे. उरलेल्या दिवशी घरीच काम करावे: शाळेच्या किंवा कचेरीच्या जिन्यावरून सावकाश, तोल सांभाळत उतरणे, चार मोजत खाली जाणाऱ्या बैठका, पायरीवरून एका पायावर हळूहळू खाली येणे. लक्ष वर येण्यावर नको, खाली जाण्यावर हवे, कारण रोखण्याची ताकद तिथेच तयार होते. शेवटचा कडक उतार शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी उरकावा, म्हणजे इजा भरून येते आणि बचाव शिल्लक राहतो.

पळण्याची ढबही बदलावी लागते. टाच पुढे रोवून ब्रेक मारणाऱ्याचा गुडघा आधी बोलतो. पाऊल आखूड, पडण्याचा वेग जास्त, पाय शरीराच्या खाली, नजर चार-पाच मीटर पुढे. बुटात अंगठ्यापुढे जागा हवी आणि नखे कापलेली हवीत, नाहीतर शर्यतीनंतर ती काळी पडतात. गुडघ्याची भीती अगदीच निराधार नाही. उतारावर वाटीमागचा भार वाढतो. ज्याचा गुडघा आधीच दुखतो, त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. पण धडधाकट माणसाने तयारी करून उतरणे आणि तयारीविना उतरणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गुडघे उतार खातो, असे म्हणण्यापेक्षा उतावळेपणा खातो, असे म्हणावे.

मग इतका खटाटोप करायचा कशासाठी? कारण उतरण्याची ताकद केवळ उताराच्या शर्यतीत लागत नाही. २०१२पासून होणारी साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वरच्या घाटातून कासच्या रस्त्यावर चढते आणि त्याच वाटेने परत येते. एकूण उतार शून्य, पण निम्मी शर्यत उताराची, आणि तीही चढून थकल्यानंतर. लडाखचे ७२ किलोमीटरचे खारदुंगला आव्हान खिंडीपर्यंत चढते आणि मग लेहपर्यंत उतरतच राहते. अशा ठिकाणी चढाचा सराव सगळे करून येतात. उतरायला शिकलेला माणूस तिथे पुढे निघून जातो.

म्हणून आपल्या भागातल्या पळणाऱ्या मंडळींसमोर मी चार मागण्या ठेवतो. उताराची शर्यत भरवणाऱ्याने सुटण्याची आणि संपण्याची उंची जाहिरातीत छापावी, आणि प्रमाणपत्रावर वेळेच्या शेजारी एकूण उतार मीटरमध्ये लिहावा. धावपटूंच्या गटांनी सपाटीच्या आणि उताराच्या सर्वोत्तम वेळा वेगळ्या नोंदवाव्यात. नोंदणी करताना उताराचा सराव केला आहे का, हे आयोजकाने विचारावे, आणि शेवटच्या टप्प्यात वैद्यकीय मदत जास्त ठेवावी. भरतीच्या मुलांनी आपली वेळ मैदानावरच मोजावी. एवढे झाले की शुद्धतावाद्यांची तक्रार मिटते, फुकट्यांची हौस फिटते आणि सपाटीवाल्यांची भीती जाते.

चढणाऱ्याचे कौतुक करायला आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. सावरून उतरणाऱ्याचेही तितकेच व्हावे; फक्त ते करताना प्रमाणपत्रावरचा उताराचा आकडा बोटाखाली झाकू नये.