विश्लेषण : ठोके सुधारणारी औषधेच जीवघेणी का ठरली?

हृदयाचे चुकलेले ठोके आता स्मार्टवॉचवरही दिसतात. साहजिकच ‘ठोके नियमित करणारी गोळी का घेऊ नये?’ हा प्रश्न पडतो. अमेरिकेतील ‘कास्ट’ चाचणी त्याचे उत्तर देते.

हृदयविकाराच्या झटक्यानंतर मधूनच जादा ठोके पडणाऱ्यांना अचानक मृत्यूचा धोका अधिक असतो. ते ठोके थांबवले तर जीव वाचेल, असे डॉक्टरांना वाटत होते. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइडने ठोके थांबतही होते. तरीही १९८९ मध्ये या दोन्ही औषधांची चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. १९९१च्या अहवालानुसार, सरासरी दहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ७५५ पैकी ६३ रुग्ण दगावले. औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६.

असे का झाले?

ही औषधे हृदयाच्या पेशींत सोडियम शिरण्याचा मार्ग रोखून विद्युत संदेशाचा वेग कमी करतात. प्राणवायू कमी पडलेल्या भागात हा वेग आधीच मंदावलेला असतो. औषधामुळे संदेश आणखी रेंगाळतो आणि पुढे जाण्याऐवजी तिथेच गोल फिरू लागतो. मग ठोके बेफाम वाढतात. हृदय नुसते थरथरते, रक्त पुढे ढकलले जात नाही.

फ्लेकेनाइड आजही वापरात आहे, पण मुख्यतः ज्यांच्या हृदयाच्या रचनेत दोष नाही त्यांच्यासाठी. झटका येऊन गेलेल्यांना ते टाळले जाते.

थोडक्यात, आलेख सुधारला म्हणजे धोका टळला असे नाही. दुसऱ्याला लिहून दिलेली गोळी घेऊ नये आणि स्वतःची सुरू असलेली गोळी डॉक्टरांना न विचारता बंदही करू नये.