कार्ड नंतर, आधी कॅबिनेट उघडा

शाहूपुरीत कॉम्प्युटरच्या दुकानात ग्राफिक्स कार्ड मागितलं की पहिला प्रश्न येतो, "बजेट किती?" खरं तर विचारायला हवं, "घरच्या पीसीत एसएमपीएस कुठला हाय?" पण आपण तरी कुठं तयारीनं जातो? यूट्यूबवर एफपीएस बघायचे, मॉडेल ठरवायचं आणि घरी हट्ट धरायचा. पैसे बाबांचे, मशीन जुनी आणि कार्ड नवंकोरं!

आरटीएक्स 3060 घ्या. ते एकटंच 170 वॉट खातं, म्हणून एनव्हिडिया 550 वॉटचा एसएमपीएस सांगते. आपल्यातले बरेच जण मात्र ऑफिसातून निघालेला ब्रँडेड डेस्कटॉप सेकंडहँड घेतात. पातळ कॅबिनेट, आत दोनशे-अडीचशे वॉटचा एसएमपीएस, कार्डसाठी वेगळी पॉवर केबल नाही. वर कनेक्टर बहुतेक वेळा कंपनीचा स्वतःचा, त्यामुळं बाजारातला साधा एसएमपीएस त्याला लागत नाही. अशा मशीनला जीटीएक्स 1650 चं बुटकं, बिनकनेक्टरचं मॉडेल बरं. स्लॉटमधून मिळणाऱ्या 75 वॉटवर ते चालतं. मित्रांसमोर मिरवता येणार नाही, पण गेम चालेल.

आणि स्लॉटमध्ये बसलं म्हणजे जमलं, असंही नाही. 2022 मध्ये आलेलं आरएक्स 6500 एक्सटी लांब स्लॉटमध्ये आरामात बसतं, पण वापरतं फक्त चार लेन. मदरबोर्ड पीसीआय एक्सप्रेस 4.0 चा असेल तर ठीक. जुन्या 3.0 बोर्डवर त्या लेनचा वेग निम्मा होतो. मेमरी 4 जीबीच, ती भरली की गेम अडखळतो. गंमत बघा, स्वस्त कार्ड घेणार जुन्या मशीनवालाच, आणि फटकाही त्यालाच.

सेकंडहँड कार्डाला माझा विरोध नाही. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद पडल्यावर अशी कार्डं ढिगानं विकायला निघाली. त्यातली सगळी वाईट नसतात. फक्त समोर अर्धा तास गेम चालवून दाखवल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

दुकानात जाताना मोबाईलमध्ये तीन गोष्टी न्या: एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटो, मदरबोर्डचं मॉडेल आणि कॅबिनेटमधल्या मोकळ्या जागेचं सेंटीमीटरमधलं माप. तरीही कोणी म्हणालं, "चालतंय की, काय होत नाही", तर म्हणायचं, "मग बसलं नाही तर बदलून देणार, एवढं बिलावर लिहा."