शिक्षकांसाठी परवडणारी घरे बांधणाऱ्यांना करसवलत मिळण्याबाबत निवेदन

मा. अर्थमंत्री, भारत सरकार यांचे सेवेसी
द्वारा : मा. जिल्हाधिकारी, छत्रपती संभाजीनगर

महोदया,

सविनय निवेदन करण्यात येते की, या विषयावरील आमचे हे चौथे निवेदन आहे. पहिल्याची केवळ पोच मिळाली. दुसऱ्याच्या वेळी प्रस्ताव वर पाठविल्याचे तोंडी सांगण्यात आले, परंतु जावक क्रमांक विचारताच संबंधित दालनात दप्तर उघडले गेले नाही. आणि तिसऱ्या वेळी एका लोकप्रतिनिधींनी पुढील अधिवेशनात विषय मांडण्याचा शब्द दिला, त्यानंतर कित्येक अधिवेशने होऊन गेली.

आयकर कायद्याच्या कलम 80-आयबीए खालील परवडणाऱ्या घरांच्या प्रकल्पांच्या नफ्यावरील संपूर्ण वजावट 31 मार्च 2022 नंतर मंजूर झालेल्या प्रकल्पांना उरली नाही, आणि अशा घरांवरील एक टक्का वस्तू व सेवा करासाठीची 45 लाखांची किंमतमर्यादा 2019 पासून जागची हललेली नाही. इकडे शेंद्रा-बिडकीन औद्योगिक क्षेत्र व समृद्धी महामार्गामुळे शहराभोवतालची जमीन शिक्षकाच्या आवाक्याबाहेर गेली.

आमचे खरे दुःख मात्र तालुक्यांत आहे. 2022 साली गंगापूरचे आमदार श्री. प्रशांत बंब यांनी शिक्षकांच्या मुख्यालयी न राहण्याचा व घरभाडे भत्त्याचा प्रश्न विधानसभेत उपस्थित केला, तेव्हापासून आम्हांस जाब विचारणारे पुष्कळ झाले; मुख्यालयी राहण्याजोगे घर आहे काय, हे विचारणारे कोणी भेटले नाही. सोयगाव तालुक्यातील आमच्या एका भगिनी दोन वर्षे दहा बाय दहाच्या पत्र्याच्या खोलीत राहिल्या. शौचालय घरमालकाच्या परसात, दाराशी उकिरडा, आणि पावसाळ्यात विद्यार्थ्यांच्या वह्या भिजू नयेत म्हणून त्या पेटीत ठेवून वर मेणकापड अंथरावे लागे. लहान मूल आजारी पडल्यावर त्या शहरातील गारखेड्यास परतल्या. आज त्या पहाटे एसटीने निघून, सिल्लोडमार्गे अजिंठ्याचा घाट उतरून शाळा गाठतात, आणि गाडी चुकली की त्या दिवशी परिपाठ त्यांच्याविना होतो. त्यांच्या नावे खुलासा मागणारी नोटीस मात्र वेळेवर निघाली. ही कैफियत एकीची नव्हे. कन्नड, वैजापूर, पैठण, कोठेही चौकशी करावी.

शिक्षणसेवकाची अवस्था याहून बिकट आहे. प्राथमिकचे मानधन 1 जानेवारी 2023 पासून 16,000 रुपये झाले खरे. पण एवढ्यावर, आणि तेही सेवा कायम होण्यापूर्वी, गृहकर्जासाठी बँकेच्या दारात कोणी उभे करीत नाही, आणि तीन वर्षांनी वेतनश्रेणी लागली की वार्षिक तीन लाखांची उत्पन्नमर्यादा ओलांडली म्हणून प्रधानमंत्री आवास योजनेच्या अत्यल्प उत्पन्न गटातून नाव गळते.

सबब विनंती की, कलम 80-आयबीए खालील वजावट पुनश्च सुरू करावी. परंतु ती सरसकट न देता, ज्या प्रकल्पात निम्मी घरे तालुक्यातील कार्यरत शिक्षकांसाठी राखीव असतील आणि ताबा प्रत्यक्ष शिक्षकाच्याच हाती जाईल, त्यालाच द्यावी, कारण सवलत बांधकाम व्यावसायिकांनी घ्यावी आणि घरे गुंतवणूकदारांनी न्यावीत, हे आम्हांस मान्य नाही. 45 लाखांची मर्यादा वाढवावी. शिक्षकाच्या पहिल्या घरास मुद्रांक शुल्कात सूट द्यावी, अशी शिफारस राज्य शासनास करावी.

तोंडी आश्वासन आता आम्हांस नको. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी लेखी उत्तर, जावक क्रमांकासह मिळावे, ही विनंती.

आपले नम्र,
जिल्ह्यातील प्राथमिक व माध्यमिक शिक्षकांच्या वतीने