बोंबलणारा यूपीएस आणि बहिरा कॉम्प्युटर

तर मंडळी, या शनिवारी भांडायला विषय आहे यूपीएस.

आमच्या पुण्याच्या घरी एक जुना डेस्कटॉप लिनक्स टाकून सर्व्हर म्हणून चालतो. घरचे फोटो, बाबांनी आठ महिने खपून स्कॅन केलेली आजोबांची पत्रं, सगळं त्यावर. मागच्या वर्षी आम्ही सगळेच दोन दिवस बाहेरगावी असताना रात्री लाईट गेली. यूपीएसने वीसेक मिनिटं इमानेइतबारे बोंब मारली... रिकाम्या घरात! मग बॅटरी संपली आणि मशीन धाडकन बंद. नेमकी तेव्हा माझी स्क्रिप्ट पत्रांच्या नोंदींची फाईल नव्याने लिहीत होती, ती अर्ध्यात कापली गेली. बॅकअप तीन आठवडे जुना. (हो, ती चूक माझीच.) बाबांनी नोंदी पुन्हा टाइप केल्या, एक शब्द न बोलता. तेच जास्त लागलं.

दुकानदार म्हणाला, "मोठी बॅटरी टाका ना साहेब." इथे माझं डोकं फिरलं. वीस मिनिटांचे दोन तास केले, तर मशीन दोन तासांनी धाडकन बंद होईल, एवढाच फरक! यूपीएस डेटा वाचवत नाही हो, तो फक्त वेळ देतो. त्या वेळात फाईली नीट मिटायच्या असतील तर लाईट गेलीये हे कॉम्प्युटरला कळायला नको?

कळवायची सोय होती की! यूपीएसच्या पाठीला नऊ पिनांचं सीरियल पोर्ट होतं. केबल मागितली तर उत्तर: "लिनक्सला चालत नाही." साफ खोटं. असल्या कित्येक यूपीएसची बोली मेगाटेक प्रोटोकॉलची असते. २४०० च्या वेगाने 'क्यू१' आणि एक कॅरेज रिटर्न पाठवा, एका ओळीत उत्तर येतं: व्होल्टेज, लोड, तापमान आणि शेवटी आठ बिट. पहिला बिट एक झाला की लाईट गेली, दुसरा एक झाला की बॅटरी संपत आली. यात विंडोज कुठे आलं?

लिनक्सवर हे काम 'नट' (नेटवर्क यूपीएस टूल्स) फुकटात करतं. बॅटरी खालावली की ते मशीन रीतसर बंद करतं आणि शेवटी यूपीएसलाच वीज तोडायला सांगतं. हे का? तर मशीन बंद झाल्यावर लगेच लाईट आली, तर मशीनच्या दृष्टीने वीज गेलेलीच नसते आणि ते बंदच पडून राहतं. वीज तुटून परत आली, की बायॉसमधल्या सेटिंगने ते आपोआप उठतं. फक्त पोर्ट दिसलं म्हणून कुठलीही केबल खुपसू नका. काही कंपन्यांच्या पिना वेगळ्या जोडलेल्या असतात, साधी केबल लावली की यूपीएस जागीच बंद पडू शकतो. मॉडेलची केबल तपासा. पीसीला सीरियल पोर्ट नसेल तर यूएसबी कन्व्हर्टर चालतो.

"पण फाईल सिस्टिमला जर्नल असतं ना?" असतं. ते फाईल सिस्टिमचा सांगाडा सांभाळतं. मेमरीतून डिस्कवर पोचलंच नाही ते कुठून आणणार?

"हल्ली सगळे लॅपटॉपच वापरतात!" बरोबर. मग बॅटरी किती उरली हे न सांगणारा लॅपटॉप तुम्ही विकत घ्याल का? तोंडावर फेकाल. आणि तोच मुकेपणा यूपीएसमध्ये मात्र पैसे मोजून घरी आणता, केबल देता का असं विचारतही नाही. म्हणून दुकानदारही ठेवत नाही.

असो. मी केबल शेवटी हट्टाने मागवली. आता दर महिन्याला स्वतः यूपीएसचा प्लग काढून बघतो, मशीन नीट झोपतं का आणि पुन्हा उठतं का. पहिल्यांदा केलं तेव्हा बाबा शेजारी उभे होते. म्हणाले, "हे आधी का नाही केलंस?"

काय सांगणार, कप्पाळ?